पाठ बघताना नेमकं कुणाकडं बघायचं?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच विषयावरचे आहेत, बी.एड. कॉलेजचे प्राध्यापक. आंतरवासिता, म्हणजे बी.एड.च्या पोरांनी शाळेत जाऊन शिकवायचा काळ, सुरू झाली की असं होतंच, कारण तोपर्यंत कॉलेजमध्ये सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि मग एकदम खरी शाळा, खरी साठ पोरं समोर आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले आपले सर नाहीतर मॅडम. मी स्वतः आधी ६ वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं आणि नंतर २६ वर्षं बी.एड.च्या पोरांना मराठी पद्धती, म्हणजे मराठी कसं शिकवायचं ते, शिकवली, सगळं सोलापुरातच, त्यामुळे या प्रश्नांना उत्तर देताना मला तटस्थ राहता येणार नाही, ते आधीच सांगते. पाच प्रश्न घेतलेत, त्यातल्या पहिल्या दोनांवर जरा जास्त बोलणार आहे.

प्रश्न : मॅडम, मी बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आम्ही कन्नड बोलतो पण शिक्षण सगळं मराठीत झालंय. आतापर्यंत माझे बरेच पाठ झाले, मार्गदर्शक सर वहीत लिहितात काय तर "आवाज वाढवा", "फलकलेखन सुधारा", "ठीक". पाठ टाचण (तासाचं लेखी नियोजन) मात्र ओळ न ओळ तपासतात, उद्दिष्टं-स्पष्टीकरणं चुकली की परत लिहायला लावतात. परवा सातवीला पाठ घेतला, मला वाटलं छान झाला, गुण पण बरे पडले, पण मुलांना खरंच कळलं का हे मला अजून कळलेलं नाही. सरांना विचारू कसं? राग आला तर इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत.
(छात्राध्यापिका, अक्कलकोट तालुका)

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना एका वाक्यावर थांबले, "मुलांना खरंच कळलं का हे मला अजून कळलेलं नाही". दुसऱ्या वर्षाला असताना जिला हा प्रश्न पडतो तिची मला काळजी वाटत नाही. तुझ्या वहीतल्या शेऱ्यांची वाटते.

हे शेरे असे का येतात ते आधी समजून घे, म्हणजे सरांवरचा राग थोडा कमी होईल. पहिल्या वर्षी सूक्ष्मअध्यापन केलंस ना, ते १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालं, शिकवणं हे एवढं मोठं काम, त्याचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा घोटायचा, प्रस्तावना वेगळी, प्रश्न विचारणं वेगळं, स्पष्टीकरण, चेतक बदल (आवाज-हालचाली बदलत राहणं), फलकलेखन सगळं वेगवेगळं. आपल्याकडं त्याचं ३६ मिनिटांचं चक्र ठरलं, ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे कसं झालं ते सांगणं), १२ मिनिटं पुन्हा नियोजन, परत ६ मिनिटं पाठ आणि परत ६ मिनिटं प्रत्याभरण. भाकरी शिकवताना आई आधी नुसतं पीठ मळायला बसवते तसंच आहे हे आणि ते चांगलंच आहे. पण तिथं समोर खरी मुलं नसतात, सोबतचे छात्राध्यापकच पाचवीची पोरं होऊन बसतात, त्यांना उत्तरं आधीच येत असतात, ते शहाण्यासारखे हात वर करतात, मग बघणाऱ्या सरांनाही मुलांकडं बघायचं कारण उरत नाही, ते फक्त तुझ्याकडं बघतात. तीच सवय पुढे शाळेत येते. निरीक्षणाचा फॉर्म काढून बघ, किती रकाने तुझ्याबद्दल आहेत आणि किती मुलांबद्दल.

आता विचारायचं कसं. पाठ झाल्यावर "सर, माझं काय चुकलं" असं विचारू नकोस, त्याला "ठीक होतं, आवाज वाढव" हेच उत्तर येणार. पाठाच्या आधी विचार, आणि एकच गोष्ट माग. उदाहरणार्थ, "सर, आज मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबते तेवढं बघाल का?" हे मी उगाच सुचवत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या शेकडो टेप ऐकून हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारतात आणि सरासरी एका सेकंदात कुणाचं तरी नाव घेतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात, आणि तेच जर तीन सेकंदांच्या वर थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी पोरं बोलायला लागतात, मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद म्हणजे मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणायचं. वर्गात उभं राहिल्यावर ते केवढं लांब वाटतं ते तुला पहिल्याच दिवशी कळेल. दुसऱ्या पाठाला दुसरी गोष्ट माग, "सर, मागच्या दोन बाकांवरची मुलं किती वेळा बोलली त्याच्या खुणा कराल का". माझा अनुभव असा की प्राध्यापकाला नेमकं काम दिलं की तो खूश होतो, त्यालाही "ठीक" लिहून कंटाळा आलेला असतो.

आणि तास संपायच्या आधी चार मिनिटं ठेव, प्रत्येक मुलाला अर्ध्या पानाची चिठ्ठी दे, आज काय कळलं एक ओळ, काय कळलं नाही एक ओळ, नाव घालायची गरज नाही. त्या चिठ्ठ्या घेऊन स्टाफरूममध्ये सरांकडं जा, एकटी असताना जा, बाकीच्यांसमोर नको. सातवीच्या पोराच्या हातची "मला उपमा आणि रूपक यात काय फरक ते समजलं नाही" अशी चिठ्ठी टेबलावर पडली की बोलणं आपोआप मुलांवर येतं. मार्कांची भीती खोटी नाही, मी ती नाकारत नाही, पण चिठ्ठ्या घेऊन आलेल्या पोरीचे मार्क कापणारा सहकारी मला तरी २६ वर्षांत भेटला नाही.

अजून एक, तू कन्नडचं अगदी सहज लिहून गेलीस पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या वर्गात कन्नड, तेलुगू, उर्दू घरची पोरं असणारच. मराठीत खुर्ची ती, फळा तो, पुस्तक ते. कन्नडमध्ये आणि तेलुगूत निर्जीव वस्तूंना असं बाईमाणूस-बाप्यामाणूस केलेलं नसतं, त्यामुळे तुझ्या वर्गातलं एखादं पोर "तो खुर्ची" म्हणतं, आणि निरीक्षकाच्या वहीत येतं, "विद्यार्थ्यांचे उच्चार व भाषा अशुद्ध". ते पोर अशुद्ध बोलत नाहीये, ते त्याच्या घरच्या भाषेचा नियम अगदी इमानदारीनं मराठीला लावतंय! हे तुला आतून माहितीये, कदाचित तुझ्या सरांना माहिती नसेल, त्यांना सांग. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा जगभर एक गोष्ट सांगितली गेली की मुलांच्या घरची भाषा कन्नड म्हणून ते कन्नड शिकले. जे त्यांना शिकून घ्यावं लागलं ते तुझ्याकडं जन्मापासून आहे.

प्रश्न : मॅडम, नेट झालं, पीएच.डी. झाली, गेल्या वर्षी बी.एड. कॉलेजला सहायक प्राध्यापक म्हणून लागलो, गणित पद्धती शिकवतो. खरं सांगतो, स्वतःच्या बी.एड.चे पाठ सोडले तर शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. आंतरवासितेला शाळेत गेलो की तिथल्या जुन्या शिक्षकांसमोर उभं राहायला संकोच वाटतो. पाठ बघताना फॉर्म भरतो पण नंतर चर्चेला बसल्यावर बोलायचं काय ते सुचत नाही. हे पोरांपासून लपवू की सांगून टाकू?
(सहायक प्राध्यापक, सोलापूर)

उत्तर : सर, सांगून टाका. पोरांना तसंही कळलेलं असतं.

पहिली गोष्ट, हा दोष तुमच्या एकट्याचा नाही. बी.एड.ला पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, एम.एड. लागतं, नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते, पण शाळेत अमुक वर्षं शिकवलेलं असलं पाहिजे अशी सक्तीची अट नाही. म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याला पाण्याविषयी सगळं विचारतात, फक्त पाण्यात उतरलायस का तेवढं विचारत नाहीत. मला हे चूक वाटतं, कायम वाटत आलंय, आणि मी मीटिंगांमध्ये तसं बोलले पण आहे. पण अट येईल तेव्हा येईल, तुमची पोरं आत्ता पाठ घेतायत.

माझ्याकडं तर ६ वर्षांचा शाळेचा अनुभव होता, तरी काय झालं सांगते. बी.एड. कॉलेजला लागून दुसरंच वर्ष असेल, पूर्व भागातल्या एका शाळेत पाठ बघायला गेले होते, आजूबाजूला यंत्रमाग, खिडकीतून सारखा खटखट आवाज, सहावीचा वर्ग, बरीच पोरं पद्मशाली घरातली, घरी तेलुगू, कितीतरी जणींच्या आया विड्या वळणाऱ्या. छात्राध्यापिका माझी फार हुशार पोरगी, कविता अशी गायली की मीच रमून गेले. फळा सुंदर, तक्ता सुंदर, आवाज खणखणीत. मी भराभर खुणा केल्या, २० पैकी १७ दिले. तास संपला, मुलं बाहेर पडताना शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला सहज विचारलं, काय गं, काय होतं कवितेत? ती माझ्याकडं बघून हसली, मग शेजारणीकडं वळून तेलुगूत काहीतरी पुटपुटली. शेजारीण म्हणाली, "बाई, ती विचारायलीय की तुम्ही काय विचारायलाव."

३५ मिनिटं ती पोरगी माझ्यापासून दोन हातांवर बसलेली होती. छात्राध्यापिका पुढे होती, तिला शेवटचा बाक नीट दिसत नव्हता, तिला माफी आहे. मी तर शेजारीच होते, मला काय झालं होतं? मी पूर्ण वेळ छात्राध्यापिकेकडं बघत होते, आणि मागच्या बाकावर बसल्यावर मुलांच्या नुसत्या पाठी दिसतात. त्या दिवशी रात्री जेवण गेलं नाही मला. ते १७ गुण मी बदलले नाहीत, बदलायला हवे होते की नाही हे अजूनही ठरवता येत नाही, कारण फॉर्मप्रमाणे ते बरोबरच होते.

दुसऱ्या दिवसापासून मी मागं बसायचं सोडलं. फळ्याच्या बाजूला, दाराजवळ, खुर्ची तिरकी टाकून बसायला लागले, तोंड मुलांकडं. मुख्याध्यापकांना विचित्र वाटलं, छात्राध्यापकांना पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं झालं, मुलं माझ्याकडं बघून हसायची, तिसऱ्या दिवशी सगळे विसरले. सर, तुम्ही एवढंच करा, जागा बदला, चर्चेला काय बोलायचं हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पडणार नाही. कारण तुमच्याकडं असं काही असेल जे छात्राध्यापकाकडं नाही, तो फळ्यावर लिहायला वळला तेव्हा कोण काय करत होतं, कुठल्या वाक्याला पोरांच्या कपाळावर आठी आली, कुणी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलं, कुणाचा हात अर्धा वर येऊन खाली गेला. हे बघायला शाळेतला २० वर्षांचा अनुभव लागत नाही, डोळे मुलांवर ठेवावे लागतात.

तुम्ही गणितवाले, तुम्हाला मोजायला आवडत असेल तर वर्गात कोण किती बोलतं ते मोजायची फ्लँडर्सची आंतरक्रिया पद्धत तुम्ही पोरांना शिकवतच असाल, दर तीन सेकंदांनी एक खूण, दहा प्रकार, सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. परीक्षेला पाच मार्कांची टीप म्हणून ती सगळ्यांना पाठ असते, पण शाळेत बसून कुणी करत नाही. दहाच मिनिटं करा आणि तो कागद छात्राध्यापकाच्या हातात द्या, तुम्ही एक शब्द बोलू नका. स्वतःच्या बोलण्याचा तो सगळा ठोकळा बघून त्याला जे समजेल ते तुमच्या भाषणानं समजणार नाही.

चर्चेच्या वेळी "कसा झाला पाठ?" असं विचारू नका, त्याला "छान झाला सर" हेच उत्तर असतं. असं विचारा, "आजच्या तासातलं कुठल्या मुलाचं उत्तर तुला आठवतंय? शब्दाला शब्द सांग." बहुतेकांना पहिल्यांदा एकही आठवत नाही. पुढच्या पाठाला मात्र ते ऐकायला लागतात, कारण सर विचारणार आहेत हे माहीत असतं.

आणि आठवलेलं उत्तर चुकीचं असेल तर त्याच्यावरच बसा. समजा पोरानं सांगितलं एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. छात्राध्यापक म्हणणार, सर त्याला छेद समान करायचं येत नाही. तुम्ही विचारा, ते पोर तसं का म्हणालं असेल? घटक चाचणीत पहिल्या भागात २ पैकी १ मार्क पडला, दुसऱ्या भागात ३ पैकी १, तर एकूण किती? ५ पैकी २! मास्तर रोज त्याच्यासमोर मार्कांची बेरीज अशीच करतात की, वर वर मिळवायचे, खाली खाली मिळवायचे. पोरानं तेच केलं. आता मार्कांची बेरीज आणि अपूर्णांकांची बेरीज यात फरक काय, हे पाचवीच्या पोराला कोणत्या शब्दांत सांगायचं? भाकरी घेऊन की कागदाची पट्टी घेऊन? आपण ज्याला आशययुक्त अध्यापन म्हणतो ते हे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ ला हाच मुद्दा मांडला होता, नुसता विषय येणं वेगळं, नुसती पद्धत येणं वेगळं, आणि हा विषय या मुलांना कुठं अडतो हे माहीत असणं हे तिसरंच ज्ञान आहे, ते फक्त शिक्षकाकडं असतं. तुमची पीएच.डी. इथं कामाला येईल, खरंच सांगते, जुन्या शिक्षकाला ते पोर चुकतं हे माहीत असतं, का चुकतं हे शोधायची शिस्त तुम्हाला आहे.

शेवटचं, आणि हे टाळू नका. जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विनंती करा आणि आठवड्याला एक तास घ्या, वर्षभर, एकाच वर्गावर. तुमच्या छात्राध्यापकांना मागं नाहीतर बाजूला बसवा, तिरकी खुर्ची त्यांना द्या, त्यांना तुमचा पाठ बघू द्या. दिग्दर्शन पाठ म्हणून जो घासून पुसून घेतात तसला नको, रोजचा साधा तास, ज्यात पाठ मध्येच अडकतो, पोरं गोंधळ करतात, आपलं नियोजन कोलमडतं. तो अडकलेला तास तुम्ही कसा सावरता किंवा सावरत नाही हे बघून पोरं जेवढं शिकतील तेवढं कुठल्याच टाचणातून शिकणार नाहीत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, ती खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडं मुलांत जाऊन बसल्या, पुढे १९४५ ला बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केलं, आणि शिक्षिका तयार करायचं काम त्यांनी बालवाडीला लागूनच चालवलं, मुलांपासून लांब नेलं नाही. तुम्हाला खुर्ची सोडायची गरज नाही, आठवड्याला एक तास.

प्रश्न : आमच्या हायस्कूलला दरवर्षी १०-१२ छात्राध्यापक येतात. रिकाम्या तासांना सोय होते, हे कबूल करतो. पण त्यांचे प्राध्यापक आठवड्यातून एकदा येणार, दोन पाठ अर्धे-अर्धे बघणार, चहा घेणार, सही करणार आणि जाणार. आम्ही नेमकं काय करावं अशी अपेक्षा आहे? कॉलेजला काही बोलावं का?
(मुख्याध्यापक, मोहोळ तालुका)

उत्तर : सर, जरूर बोला, पण थोडा हिशोब सांगते, मग बोला. २०१५ पर्यंत आपल्याकडं बी.एड. एका वर्षाचं होतं. शिक्षक प्रशिक्षणाची एकूण अवस्था बघून न्यायमूर्ती वर्मा आयोगानं २०१२ ला अहवाल दिला, त्यानंतर एनसीटीईचे, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, २०१४ चे नियम आले आणि कोर्स दोन वर्षांचा झाला, शाळेतला काळ एकूण २० आठवडे झाला, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. याच नियमांत दोन युनिटच्या कॉलेजला, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी, प्राचार्य धरून १६ प्राध्यापक सांगितलेत. आता यातले शंभर जण १६ आठवडे शाळांत, शंभर जण कॉलेजात, त्यात आरोग्य-शारीरिक शिक्षण, चित्रकला, संगीत-नाट्य यांचे प्राध्यापक वेगळे काढा, त्यात काही जागा रिकाम्या असल्या तर विचारूच नका. आणि आपला जिल्हा करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत लांबलचक, एका दिवसात दोन शाळा केल्या की संध्याकाळ होते. प्राध्यापक रोज येऊ शकत नाही, हे खरं आहे. आल्यावर अर्धा पाठ बघून जातो, हे मात्र मला मान्य नाही, दोन अर्धे बघण्यापेक्षा एक पूर्ण बघा असं तुम्ही त्यांना तोंडावर सांगा, मुख्याध्यापकाचा तो अधिकार आहे.

उरलेले पाच दिवस त्या पोरांचे खरे गुरू तुमचे शिक्षक आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक छात्राध्यापकाला एकेक शिक्षक नेमून द्या, नावानिशी. पहिला आठवडा त्याला शिकवायला लावू नका, वर्ग बघण्यासाठी एक आठवडा ठेवायचा हे नियमातच आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच आठवडा रजेवरच्या शिक्षकांचे तास भरण्यात जातो. हजेरीपट घालू द्या, शालेय पोषण आहाराचा हिशोब बघू द्या, पालक सभेला बसवा. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर पटावर असतं आणि वर्गात नसतं, त्याचं काय करायचं हे कुठल्याही पेपरला विचारत नाहीत, ते तुमच्या शाळेत शिकता येतं.

आंतरवासिता सुरू व्हायच्या आधी प्राध्यापकांना एकदा बोलवून तुमचे शिक्षक आणि ते असे एका टेबलाला बसवा. अर्धा तास पुरतो. मी असं पाहिलंय की कॉलेजचे सर सांगतात पाच प्रश्नांनी प्रस्तावना कर, शाळेतले सर सांगतात ते सोड, पोर्शन संपव, आणि पोरगं दोघांच्या मध्ये भरडलं जातं.

प्रश्न : मुलगी एम.ए. मराठी करतेय, तिला बी.एड. कॉलेजला प्रोफेसर व्हायचंय. आम्ही यंत्रमाग कामगार, आम्हाला यातलं काही कळत नाही. किती शिकावं लागतं आणि नोकरी लागते का? आणि आता चार वर्षांचं बी.एड. आल्यावर दोन वर्षांचं बंद होणार असं लोक म्हणतात, ते खरं का?
(पालक, विडी घरकुल, सोलापूर)

उत्तर : दादा, एम.ए. ५५ टक्क्यांच्या वर होऊ द्या, मग बी.एड. दोन वर्षं, त्याला सीईटी असते, मग एम.एड. दोन वर्षं, तिथंही ५५ टक्के, आणि सोबत शिक्षणशास्त्रात नेट किंवा आपल्या राज्याची सेट. म्हणजे एम.ए.नंतर कमीत कमी चार-पाच वर्षं धरा. पक्क्या जागा कमी निघतात, सुरुवातीला तासिका तत्त्वावर काम करावं लागतं आणि त्यात तासाप्रमाणे पैसे मिळतात, घर चालत नाही, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

चार वर्षांचा एकात्मिक कोर्स बारावीनंतरचा आहे, त्याला वेगळी परीक्षा असते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ज्यांची पदवी आधीच झालीय त्यांच्यासाठी दोन वर्षांचं बी.एड. ठेवलेलं आहे, तेव्हा तिनं घाबरायचं कारण नाही. फक्त एक लक्षात असू द्या, ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीची शिक्षक भरती होत नाही, तिथं डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागतं. बी.एड. झाल्यावर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दोन्ही देऊ द्या आणि मिळाली तर आधी शाळेतच नोकरी करू द्या. वरचं दुसऱ्या प्रश्नातल्या सरांचं पत्र तिला वाचून दाखवा, म्हणजे मी असं का सांगतेय ते तिला समजेल.

प्रश्न : मी २२ वर्षं विज्ञान शिकवते. आमच्याकडं आलेल्या छात्राध्यापिकेनं आठवीच्या वर्गात सांगितलं की हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते. मला राहवलं नाही, तिथंच उठून दुरुस्त केलं. ती मुलांसमोर रडली. संध्याकाळी तिच्या मॅडमचा फोन आला की तुम्ही तिचा आत्मविश्वास घालवला. मी चुकले का? चुकीचं शिकवू द्यायचं होतं का?
(शिक्षिका, बार्शी)

उत्तर : बाई, मुलांच्या वहीत चुकीचं राहू द्यायचं नाही यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि त्या मॅडमनी फोनवर आधी तुम्हाला धन्यवाद द्यायला हवे होते, आत्मविश्वासाचं नंतर बोलता आलं असतं. पण त्या मिनिटाला उठायची गरज नव्हती. पोरं प्रयोगात ॲसिडची बाटली उलटी धरत असतील तर उडी मारून उठावं, ऋतूंची चूक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकते, आणि दुसऱ्या दिवशी जिनं ती केली तिनंच ती दुरुस्त केली तर मुलांना विज्ञानही कळतं आणि शिक्षक चुकल्यावर काय करतो तेही दिसतं. तुम्ही उठलात त्यामुळे मुलांना एवढंच दिसलं की मोठ्या बाई लहान बाईंना रागावल्या.

अजून काही गेलेलं नाही. तिला बोलवा, चहा द्या, माझं उठणं चुकलं असं स्पष्ट सांगा, आणि तो तास तिला परत द्या. ही चूक तिची एकटीची नाही, भल्याभल्या शिकलेल्या माणसांना हेच वाटतं, कारण शेकोटीपासून लांब गेलं की गार लागतं हा सगळ्यांचा अनुभव. तिला सांगा तासाची सुरुवात "काल मी जे सांगितलं ते तपासलं, ते चुकलं होतं" अशी कर. मग मुलांना विचारू दे, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ कधी असते? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. म्हणजे जानेवारीत संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात, पहाटे लोक स्वेटर-मफलर घालून उभे असतात, तेव्हा आपण सूर्याच्या जवळच असतो. मग थंडी का? इथं तिला तीन सेकंद थांबायला सांगा. मुलं एकमेकांकडं बघतील, कुणीतरी बोलेल. आपल्याकडं मे महिन्यात एका दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि डिसेंबरात त्याच वेळेला ती लांब पडते, हे पोरांनी मैदानात पाहिलेलं असतं, तिथून पृथ्वीच्या कललेल्या अक्षापर्यंत जायला एक चेंडू आणि एक टॉर्च पुरतो.

तुम्ही बाजूला बसा, मुलांकडं तोंड करून. आणि फोन केलेल्या त्या मॅडमना त्या तासाला बोलवा, त्यांची खुर्ची तुमच्या शेजारी टाका. तास संपल्यावर तिघींनी मिळून मुलांच्या चिठ्ठ्या वाचा, आणि "शेकोटी"वालं उत्तर अजून किती चिठ्ठ्यांत आहे ते मोजा, मला वाटतं पाच-सहा तरी निघतील, त्यांच्यासाठी परवाचा तास तुम्ही घ्या आणि तिला बघू द्या.